सहावर थांबलेला काटा

हिराजी,

कंपनीच्या मासिक पत्रकासाठी तुझ्यावर दहा ओळी लिहून द्या, असं मोठ्या साहेबांनी मला सांगितलं. मी दिल्या. जन्म कळंबचा, शिक्षण कर्जतला, खोपोलीच्या शिळफाट्यावर ट्रकच्या वायरिंगचं दुकान, कामात चोख, स्वभावाने मनमिळाऊ. मनमिळाऊ! तू वाचलं असतंस तर हातातला पाना फेकून मारला असतास. शिळफाट्यावर थांबणारा असा एक ड्रायव्हर नसेल ज्याच्याशी तू भांडला नाहीस. आणि असाही एक नसेल जो भांडून पुन्हा तुझ्याकडेच आला नाही.

त्या दहा ओळी छापून येतील. हे जे लिहितोय ते कुणाला द्यायचं, मला माहीत नाही. तुझ्याशी बोलायची सवय लागली होती, ती मोडत नाहीये, एवढंच.

तू कर्जतला लागून असलेल्या भिसेगावात मामाकडे राहून शिकायचास तेव्हापासूनची ही सवय. आमच्या घराची मागची भिंत आणि तुझ्या मामाच्या गोठ्याची भिंत एकच. मॅट्रिकनंतर मी डिप्लोमाला गेलो आणि तू खोपोलीत एका मिस्त्रीच्या हाताखाली बॅटऱ्या भरायला लागलास. मध्ये वर्षांवर वर्षं गेली. लग्नाकार्यात भेट, कधी कर्जतच्या बाजारात. ‘काय सदा, साहेब झालास म्हणं,’ असं तू म्हणायचास आणि मी ओशाळा व्हायचो. खरी दोस्ती पुन्हा जुळली ती त्या बोर्डामुळे. म्हणजे ज्याने जोडलं त्यानेच तोडलं.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा तुझ्या दुकानात ती चिप घेऊन आलो तो दिवस? परदेशातून नमुन्याला म्हणून नऊ चिपा आल्या होत्या. कापसात गुंडाळलेल्या, आठ पायांच्या, झुरळाएवढ्या. कंपनी ट्रकचे मीटर बनवते हे तुला माहीत होतंच. साहेबांच्या डोक्यात आलं होतं की ट्रकच्या टपापासून शेपटापर्यंत वायरींचा जो जुडगा जातो तो काढून टाकायचा आणि फक्त दोन तारांवरून सगळं बोलणं चालवायचं. हवेचा दाब, तेल, दिवे, सगळं. चिप एका टोकाला बोलणार, दुसऱ्या टोकाची ऐकणार. या चिपा आपल्या ट्रकमध्ये टिकतात का, हे तपासायला एक बोर्ड उभा करायचं काम माझ्याकडे आलं. मला सर्किट कळत होतं. ट्रक कळत नव्हता. म्हणून तुझ्याकडे आलो.

तू ती चिप तळहातावर घेतलीस, उलटी केलीस, आणि म्हणालास, ‘ह्या किड्याच्या भरवशावर घाट उतरायचा?’

मी हसलो होतो, हिराजी.

पण तू कामाला लागलास तो मनापासून. ते चार महिने मी आयुष्यात कधी विसरणार नाही. दोन तारांना पीळ द्यायचा होता, सारखा, एका मापाचा. माझ्याकडे त्याचं कोष्टक होतं, यंत्र नव्हतं. तू तारांची टोकं हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये अडकवलीस, दुसरी टोकं माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, ‘जा मागं मागं, ढिली सोडू नको.’ मी कंपनीच्या आवारात मागे मागे चालत गेलो, पार सायकल स्टँडपर्यंत, आणि तू तिकडे ड्रिल फिरवत होतास. सगळे कामगार जेवणाच्या सुट्टीत बघत उभे. कुणीतरी ओरडलं, ‘साहेब, पतंग उडवताय काय?’

दोन तारा कशासाठी, एक का पुरत नाही, हे मी तुला समजावत होतो. बाहेरचा धक्का दोन्ही तारांना सारखाच बसतो, त्यामुळे दोघींमधला फरक तेवढाच राहतो आणि निरोप बिघडत नाही. तू ऐकून घेतलंस. ‘म्हंजे दोन्ही बैल एकदम दचकले तर नांगर सरळच ऱ्हातो, असं.’ मग टोकाला रेझिस्टर का लावायचा हे सांगायला मी कागद घेतला, लाटा काढल्या. तू कागदाकडे बघितलंही नाहीस. ‘पाटाचं पाणी बांधावर आपटून मागं येतंय, तसंच ना? शेवटाला जिरवायला पायजे.’ मी डिप्लोमाच्या तीन वर्षांत जे पाठ केलं होतं ते तू भाकरी मोडता मोडता सांगितलंस.

ती भाकरीही आठवते. वहिनींनी दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकट. आमच्या घरात मासळीचं नाव निघत नाही. मी तुझ्या डब्यातलं खायचो आणि घरी जायच्या आधी साबणाने तीनदा हात धुवायचो. आई तरी विचारायचीच, ‘सदा, कसला रे वास येतोय?’ मी सांगायचो, कामाचा. तुला हे सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की तुला ठसका लागला.

तुझ्यामुळे आमचा बोर्ड खरा झाला. मी मांडला होता तो टेबलावरचा खेळ होता. हिरवी पाटी, दोन टोकांना दोन चिपा, मध्ये तार, एका बाजूला हवेची टाकी आणि दुसरीकडे काटा. तू येऊन त्या तारेला खेटून ट्रकचा हॉर्न ठेवलास. स्टार्टर ठेवलास. तार वंगणात बुडवलीस, चिखलात लोळवलीस, तिच्यावर उभा राहिलास. एक चिप तू चोवीस व्होल्ट देऊन सरळ जाळलीस आणि म्हणालास, ‘असं होनारच हाय. वायर घासली की असं होतंय.’ मी चिडलो होतो. नऊच्या आठ झाल्या, आठच्या सहा. पण तुझ्या प्रत्येक छळातून आम्हाला काहीतरी कळत गेलं, आणि मी ते माझ्या नावाने रिपोर्टात लिहीत गेलो. तुझं नाव एकदाच आहे त्यात. ‘बाहेरील कारागिराच्या साहाय्याने.’ तेही नाव नव्हेच.

आणि मग चार चिपा उरल्या तेव्हा आपलं भांडण झालं.

ते मी इथे नीट लिहून काढतो. मला ते रोज ऐकू येतं, आणि रोज त्यात मी स्वतःच्या बाजूने एखादं वाक्य वाढवतो आहे असं मला वाटतं. म्हणून जसं झालं तसं.

तू म्हणालास, ‘आता इंजीन चालू ठिऊन बॅटरीची वायर काढायची.’

मी विचारलं, ‘चालू इंजिनावर वायर कोण काढतं?’

‘कुनी काढत नाय. आपसूक निघते. घाटात गाडी आदळली की क्लॅम्प ढिला पडतो. बॅटरी सुटली की वीज बनवनारा आल्टरनेटर असा काय झटका मारतो, सगळे बल्ब एकदम फुटतात. म्या शंभरदा बगितलंय.’

‘त्याने चिप जळेल.’

‘जळू दे. जळली तर काटा कुठं जातो ते बगायचंय मला.’

काट्याबद्दल तू आधीपासून बोलत होतास. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो; जुन्या गाडीत त्या हवेची बारीक नळी सरळ डॅशबोर्डपर्यंत येते. टाकीतली हवा गेली की काटा पडतो. त्यात लबाडी नाही. आपल्या काट्यामागे एक डबा होता आणि तो डबा तारेवरून आलेला शेवटचा आकडा धरून ठेवायचा, नवीन आकडा येईपर्यंत. तार मेली तर नवीन आकडा येणारच नाही. ‘मंग काटा तिथंच ऱ्हानार की,’ तू म्हणालास. ‘हवा शून्य आन काटा सहावर, टाकी भरल्यावानी. ड्रायव्हरला वाटनार, ब्रेक हाय. सदा, तार मेली तर काटा मेला पायजे. खोटा काटा नको.’

मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘हिराजी, ते मीटरवाल्यांचं काम आहे. आपल्याला चिप तपासायला सांगितलंय. चिप.’

‘ट्रक घाटातून खाली येतो तवा एकटी चिप येत नाय.’

‘चार उरल्यात. दोन गाडीत बसवायच्यात. दोन साहेबांनी कपाटात ठेवायला सांगितल्यात, पाहुणे येणार आहेत त्यांना दाखवायला. नवीन मागवल्या तर दोन महिने जातील.’

‘जाऊ दे की दोन मयने. घाट कुठं पळून चाललाय?’

मी कागद पुढे ओढला. रिपोर्टात लिहिलं, ‘सर्व चाचण्या समाधानकारक.’ तू तो कागद वाचलास. तुला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, बोट ठेवून वाचायचास. तुझं बोट त्या पहिल्या शब्दावर थांबलं. ‘सर्व?’ तू विचारलंस. मग कागद परत दिलास आणि चहा मागवलास.

तू आणखी एक मागणं मागितलं होतंस. जुनी नळी आणि जुना काटा गाडीत राहू द्या, नव्याच्या शेजारी. मी ते साहेबांपर्यंत नेलं, एवढं तरी मी केलं. ते म्हणाले, डॅशबोर्डच्या नव्या पट्टीत जागा नाही, आणि जुनाच ठेवायचा तर मग चाचणी कशाची? मी तुला येऊन तेच शब्द सांगितले, जणू माझेच आहेत अशा आवाजात.

गाडी सलीमभाईंची ठरली. तुझ्याच ओळखीचे, तुझ्याच शब्दावर गाडी द्यायला तयार झालेले. घाट चढून वर जायचं, माल भरायचा, खाली यायचं. कंपनीचा एक माणूस बाजूच्या सीटवर बसून दर मैलाला आकडे लिहिणार. तो माणूस मी होतो. कागदावर माझं नाव होतं. सकाळी मी शिळफाट्यावर आलो आणि म्हणालो, हिराजी, दुपारी पाहुणे येताहेत, रिपोर्टाची शेवटची पानं टाइप व्हायची आहेत. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. वही माझ्या हातातून घेतलीस.

‘जा तू. मी बसतो. मला बगायचाच हाय तुजा काटा.’

दुपारी अडीच वाजता पाहुणे माझी हिरवी पाटी बघत होते. मी त्यांना दोन बैल आणि नांगराचा दाखला देत होतो, तुझा. ते खूश होऊन हसत होते, आणि तेवढ्यात गेटवरचा वॉचमन आत आला.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

सलीमभाई वाचले. पाय गेला, पण वाचले. आठव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मी न विचारताच बोलायला लागले. ‘साहेब, एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली. दिवे एकदम लखकन पेटले आणि गेले. हिराजी बोलला, बॅटरी सुटली, बाजूला घे. मी बोललो, काटा तर सहावर आहे, वळण संपलं की घेतो. तो ओरडला, काट्याकडं बघू नको, गाडी डोंगराला दाब! मी ब्रेक मारला, एकदा लागला, दुसऱ्यांदा अर्धा. नंतर पायाखाली काहीच नाही, त्या आदळण्यात हवेची नळी फुटली असणार. आणि काटा सहावर. शेवटपर्यंत सहावर, साहेब.’

मग त्यांनी मान फिरवली. भिंतीकडे बघतच म्हणाले, ‘मी त्याचं ऐकलं नाही. काट्याचं ऐकलं.’

मी त्यांना सांगायला हवं होतं की तुमची चूक नाही. मी त्यांच्या उशाचं पाणी भरून ठेवलं आणि निघालो. अजूनही त्यांना वाटतंय की तुला त्यांनी मारलं.

दरीतून काढलेल्या गाडीची बॅटरी कुठल्या कुठे जाऊन पडली होती. ती आधी सुटली की आपटल्यावर, हे कुणाला सांगता येईना. चौकशीत ड्रायव्हरचा अंदाज चुकला असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून तोंड उघडलं नाही.

चौदाव्या दिवशी मी कपाटातल्या त्या दोन चिपा काढल्या, न विचारता, आणि दुपारी तुझ्या दुकानाचं कुलूप उघडलं. वहिनींकडून किल्ली आणली होती. मागच्या अंगणात तू सगळं मांडून ठेवलं होतंस. लोखंडी घोड्यावर जुनं इंजिन, त्याला आल्टरनेटर, बॅटरी, हवेची टाकी. नुसता माझा बोर्ड जोडायचा बाकी. मी भांडत होतो तेव्हाही तू तयारी करून ठेवली होतीस. वाट बघत होतास माझी.

मी बोर्ड जोडला. इंजिन चालू केलं, हवा भरू दिली. काटा सहावर आला. मग बॅटरीची वायर काढली. वर बांधलेला बल्ब लखकन पेटला आणि फुटला. इंजिन चालूच. मी टाकीचा कॉक उघडला. हवा फुसफुसत बाहेर निघाली, माझ्या पायावर धूळ उडाली, टाकी पूर्ण रिकामी झाली. काटा सहावर. मी बोटाने काचेवर टिचकी मारली. सहावर.

जोडण्यापासून टिचकीपर्यंत सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागली नाहीत, हिराजी. ही पंधरा मिनिटं मी तुला दिली नाहीत.

मी तिथे तुझ्या स्टुलावर बसून राहिलो. शेजारचा टायरवाला डोकावून गेला. इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मी तसाच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, ‘सदानंद, एका जुन्या इंजिनावर अंगणात केलेला प्रयोग म्हणजे पुरावा होत नाही. तू दमला आहेस. आपण हे काम बंद करतोय, फाइल ठेवून दे.’ मी फाइल ठेवून दिली. राजीनामा लिहून खिशात नेला होता, तो काढला नाही. आईचं औषधपाणी, मुलीची शाळा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. हेही तुला कळायला हवं. मी अजून तिथेच नोकरीला आहे. तुझं नाव नसलेला तो रिपोर्ट अजून तिथेच आहे. ‘सर्व’ हा शब्दही.

परवा मात्र मी कळंबला गेलो. वाटलं, निदान एका माणसाला खरं सांगावं, आणि ते वहिनींनाच. त्या खळ्यावर होत्या. झोडणी उरकत आली होती. तुझ्याशिवाय, गावच्या बायांना हाताशी घेऊन त्यांनी सगळं भात झोडून घेतलं होतं. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले. ‘बसा भावजी. पानी आनते.’

मी म्हणालो, ‘पाणी नको, वहिनी. आधी ऐका.’

मी उभ्यानेच सांगितलं. बॅटरीची वायर, राहिलेली चाचणी, काटा, तुझं भांडण, माझी सही. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगत होतो, आणि लक्षात आलं की त्यांना सगळं आधीच समजलेलं आहे. तू घरी जाऊन बोलत असणार.  त्या रडल्या नाहीत. मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘ही तपासनी ऱ्हायलीय, हे त्येंना ठावं हुतं? गाडीत बसताना?’

‘हो.’

‘आन तुमाला?’

‘हो, मलाही.’

त्यांनी भाताच्या राशीवरचा पेंढा बाजूला सारला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. खरंच कळत नसलेली गोष्ट माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं.

‘मंग नाव तुमचं असून तुमी का नाय बसलात, भावजी?’

मी म्हणालो, रिपोर्ट टाइप करायचा होता. त्यांनी मान हलवली, सूप उचललं आणि पाखडायला लागल्या. भुसा माझ्या अंगावर उडत होता. थोड्या वेळाने मी निघून आलो.

त्यांना मी खोटं सांगितलं, हिराजी. पानं टाइप व्हायची होती हे खरं, पण ती आदल्या दिवशीच झाली असती, आमच्या टायपिस्टला सांगायचा अवकाश. मी मुद्दाम मागे ठेवली होती. सकाळी शिळफाट्यावर उतरलो. मी त्या गाडीकडे बघितलं आणि मला भीती वाटली. तुझं म्हणणं मला पटलेलं होतं. भांडणाच्या त्याच दिवशी पटलं होतं. एवढं तुला सांगितलं असतं तर तू गाडी सुटू दिली नसतीस.